फॉरमॅट मारायच्या आधी ॲडडब्ल्यूक्लीनर चालवा: सविस्तर रिव्ह्यू

ब्राउझर उघडला की गूगलऐवजी कुठलंतरी अनोळखी सर्च पान येतं, होमपेज बदलून ठेवलं तरी परत तेच येतं, नवीन टॅब उघडला की जाहिराती, कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सापडलाय' अशी चौकट, आणि ज्याला दाखवावं तो म्हणतो "फॉरमॅट मारावा लागेल". ही परिस्थिती ज्यांच्या घरी किंवा दुकानात आहे त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू आहे. मालवेअरबाइट्स कंपनीचं, असले जाहिरातींचे नको असलेले प्रोग्राम काढणारं ॲडडब्ल्यूक्लीनर हे टूल मी बरीच वर्षं वापरतोय, नातेवाइकांच्या आणि ओळखीच्या दुकानदारांच्या मशीनवर वापरतोय, आणि माझं मत असं आहे की दहापैकी बहुतेक वेळा फॉरमॅटची अजिबात गरज नसते, हे छोटंसं टूल आणि त्यानंतर अर्धा तास हाताने केलेली साफसफाई एवढं पुरतं. पण तो हाताचा भाग केला नाही तर चार दिवसांत घाण परत येते आणि मग लोक म्हणतात टूल बेकार आहे. म्हणून दोन्ही गोष्टी सांगतो.

आधी फॉरमॅटच्या मी एवढा विरोधात का आहे ते सांगतो, कारण हे कुणी नीट सांगत नाही. माझ्या मावसभावाचं तालुक्याच्या ठिकाणी झेरॉक्स, डीटीपी आणि दाखल्यांचं केंद्र आहे. जूनमध्ये ॲडमिशनची घाई असते, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर, डोमिसाईल, शिष्यवृत्तीचे फॉर्म, सकाळपासून लाइन. त्या मशीनमध्ये काय काय असतं बघा. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (ते मशीन चालवणारा प्रोग्राम), दोन प्रिंटर, एक जुना स्कॅनर ज्याची सीडी कधीच हरवलीय, लायसन घेतलेले मराठी फॉन्ट, लग्नपत्रिकांच्या पंधरा वर्षांच्या फाइली. फॉरमॅट मारणारा माणूस फोटो आणि डॉक्युमेंट्स डी ड्राइव्हला कॉपी करतो आणि बॅकअप घेतला म्हणतो, पण सी ड्राइव्हमधले फॉन्ट, त्यांचं लायसन, ड्रायव्हर, सेटिंग हे सगळं उडतं आणि मग पुढचे दोन दिवस दुकान उघडं असून काम बंद. फॉरमॅटचे चारपाचशे रुपये जातात त्याचं दुःख नाही, दोन दिवसांची गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात जातात त्याचं आहे.

"दादा, पोर्टल उघडलं की वरती दुसरीच जाहिरात येते, पोरं त्याच्यावर क्लिक करतात," असा त्याचा फोन आला होता. जाऊन बघितलं तर क्रोममध्ये तीन एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम) जी कुणी टाकल्याचं कुणालाच माहीत नाही, एक सर्च बार, एक 'पीसी फास्ट करा' छाप प्रोग्राम जो दर तासाला शेकडो एरर दाखवून पैसे मागत होता, आणि क्रोमच्या मेनूत सगळ्यात खाली लिहिलेलं 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतो.

आलं कुठून? तर दुकानात येणारी प्रत्येक फॉर्मची अट म्हणजे फोटो एवढ्या केबीत पाहिजे, सही एवढ्या केबीत पाहिजे, पीडीएफ अमुक एमबीच्या आत पाहिजे. मग दुकानातलं पोरगं गूगलवर 'पीडीएफ साइज कमी करणे फ्री' टाकतं, वरती जी जाहिरात येते ती उघडतं, हिरवं मोठं डाउनलोड बटण दाबतं, आणि नेक्स्ट नेक्स्ट नेक्स्ट. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, जुन्या फॉन्टवरून युनिकोड करणारे कन्व्हर्टर, प्रिंटरचे ड्रायव्हर, यांच्या शोधातही हेच होतं. मूळ प्रोग्राम कदाचित ठीकठाक असतो पण इन्स्टॉलरमध्ये सोबत तीनचार पाहुणे असतात, त्यांच्या खुणा आधीच केलेल्या असतात, 'रेकमेंडेड' निवडलं की ते दिसतही नाहीत, आणि 'कस्टम' निवडलं तरच कळतं की आपण कशाकशाला होकार देतोय. नकाराचं बटण फिकट राखाडी, होकाराचं ठळक. हे मुद्दाम तसं बनवलेलं असतं, यात पोराची चूक मी मानत नाही.

यामागे पैशाचा धंदा आहे आणि तो समजून घेतला की पुढचं सगळं सोपं जातं. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्याला प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मिळतात. सर्च पळवणाऱ्याला तुमच्या प्रत्येक शोधामागे पैसे मिळतात, कारण तुमचा शोध आधी त्याच्या पानावरून जातो आणि मग तो पुढे याहू किंवा बिंगकडे ढकलून जाहिरातीतला वाटा खातो. म्हणून तर गूगल सेट केलेलं असूनही रिझल्ट याहूचे दिसतात. व्हायरससारखं मशीन बंद पाडण्यात त्यांना काही रस नाही, मशीन चालू राहिलं पाहिजे आणि तुम्ही शोधत राहिलं पाहिजे, एवढंच.

आणि हे फक्त कुठल्यातरी अंधाऱ्या साइटवरच होतं असं समजू नका. ज्यांनी २०१०च्या आसपास कॉम्प्युटर वापरलेत त्यांना बॅबिलॉन, कंड्युइट, डेल्टा सर्च ही सर्च पळवणाऱ्या टूलबारची नावं अजून आठवत असतील. ओरॅकलच्या जावा अपडेटसोबत आस्क टूलबार यायचा, खूण आधीच केलेली, आणि जावा तर तेव्हा सरकारी साइटसाठी, डिजिटल सहीसाठी लागायचंच. फ्लॅश डाउनलोड करताना मॅकॅफीचा स्कॅनर सोबत यायचा. सीनेट (CNET) या टेक वेबसाइटच्या डाउनलोड डॉट कॉमने २०११मध्ये दुसऱ्यांचे फुकट प्रोग्राम स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून द्यायला सुरुवात केली, त्यात नेटवर्क तपासणारं एनमॅपसारखं नावाजलेलं टूलही होतं आणि ते बनवणाऱ्या गॉर्डन लायनने त्यावर जाहीर आवाज उठवला होता. सोर्सफोर्ज, जिथे सगळे मोकळे मुक्त प्रोग्राम मिळायचे, त्यांनीही असले इन्स्टॉलर चालवले आणि २०१६ला मालक बदलल्यावर ते बंद झाले. २०१४-१५मध्ये लेनोवोच्या काही नव्या लॅपटॉपमध्ये कारखान्यातूनच सुपरफिश नावाचा जाहिरात टाकणारा प्रोग्राम आला होता, तो स्वतःचं रूट सर्टिफिकेट (कुठली सुरक्षित साइट खरी मानायची हे ठरवणारं प्रमाणपत्र) टाकायचा म्हणजे बँकेची सुरक्षित साइटसुद्धा मधल्यामध्ये उघडी पडू शकत होती. लेनोवोला नंतर अमेरिकेत सरकारशी तडजोड करावी लागली.

आपल्याकडचं सांगायचं तर २०१७च्या जूनमध्ये चेक पॉइंट कंपनीने फायरबॉल नावाच्या ब्राउझर हायजॅकरचा (म्हणजे सर्च-होमपेज पळवणाऱ्या प्रोग्रामचा) रिपोर्ट काढला, बीजिंगची राफोटेक नावाची जाहिरात कंपनी त्यामागे आहे असं त्यांचं म्हणणं होतं. जगात २५ कोटी कॉम्प्युटर आणि त्यातले अडीच कोटींच्या वर एकट्या भारतातले, सगळ्यात जास्त. मायक्रोसॉफ्टने नंतर म्हटलं की हा एकूण आकडा फुगवलेला आहे, तो वाद बाजूला ठेवा, पण फुकट सॉफ्टवेअरसोबत येणारी ही गोष्ट आपल्या देशात भरपूर पसरलीय हे कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून क्रोमकडे बघितलं तरी पटतं.

मग अँटिव्हायरस काय करतो, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. "अँटिव्हायरसचे पैसे भरलेत तरी कसं आलं?" कारण तुम्ही ॲग्री दाबलेलं असतं. कागदोपत्री तो व्हायरस नाही, तुमच्या परवानगीने आलेला प्रोग्राम आहे, आणि त्याला सरसकट अडवलं तर तो बनवणारी कंपनी कोर्टात जाते. हे खरंच झालंय. २०१६ला मालवेअरबाइट्सने एनिग्मा सॉफ्टवेअरच्या स्पायहंटर या मालवेअर काढणाऱ्या प्रोग्रामला 'पोटेन्शिअली अनवॉन्टेड' (कदाचित नको असलेला) म्हणून अडवायला सुरुवात केली, एनिग्माने अमेरिकेत केस टाकली आणि ते प्रकरण अपील कोर्टात जाऊन वर्षानुवर्षं चाललं. म्हणून पुष्कळ अँटिव्हायरस या बाबतीत हात राखून वागतात. विंडोजच्या स्वतःच्या डिफेंडर अँटिव्हायरसमध्ये असले प्रोग्राम अडवायचं बटण साध्या सेटिंगमध्ये २०२०च्या मे महिन्यातल्या अपडेटमध्ये आलं आणि ते आपोआप चालू ठेवायला मायक्रोसॉफ्टने २०२१ उजाडवलं.

आता टूलकडे. ॲडडब्ल्यूक्लीनर २०११मध्ये फ्रान्समधल्या एका डेव्हलपरने एक्सप्लोड या टोपणनावाने काढलं, टूलबार आणि ॲडवेअर (जाहिराती दाखवणारे प्रोग्राम) काढणे एवढ्या एकाच कामासाठी. लोकांमध्ये इतकं चाललं की २०१६च्या ऑक्टोबरमध्ये मालवेअरबाइट्सने ते विकत घेतलं. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जंकवेअर रिमूव्हल टूलही घेतलं होतं, ते नंतर २०१८ला बंद केलं, म्हणजे आता कुठल्या जुन्या व्हिडिओत ते वापरायला सांगितलं असेल तर त्याच्या मागे जाऊ नका. ॲडडब्ल्यूक्लीनर अजून चालू आहे, अपडेट होतंय, आणि फुकट आहे.

मला यातलं सगळ्यात आवडणारं म्हणजे ते इन्स्टॉल करावं लागत नाही. एकच फाइल, काही एमबीची, पेनड्राइव्हवर घेऊन जा, राइट क्लिक करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, काम झालं की संपलं. घड्याळापाशी आणखी एक आयकॉन येऊन बसत नाही, मशीन चालू होताना ते चालू होत नाही. ज्या मशीनवर आधीच फुकटच्या प्रोग्रामांची गर्दी आहे तिथे आणखी एक इन्स्टॉल करायला सांगणं मला पटत नाही, आणि दुकानदाराला तर नाहीच. नेट असेल तर स्कॅनच्या सुरुवातीला ताजी यादी खाली घेतं, नेट नसेल तर फाइलमधल्या यादीवर चालतं, पण शक्यतो नेट चालू ठेवूनच चालवा कारण नवीन हायजॅकर जुन्या यादीत नसणार.

स्कॅन झटपट होतो, साधारण चहा येईपर्यंत. तो सगळी हार्डडिस्क पिंजून काढत नाही, असली घाण जिथे जिथे बसते त्याच जागा बघतो, म्हणजे सर्व्हिस, फोल्डर, फाइली, शेड्युल्ड टास्क, रजिस्ट्री (विंडोजची सेटिंग साठतात ती जागा), शॉर्टकट, क्रोम-एजची एक्स्टेन्शन, फायरफॉक्स. म्हणून तो इतका लवकर संपतो, आणि म्हणूनच हा पूर्ण अँटिव्हायरस नाही हेही लक्षात घ्या. पासवर्ड चोरणारा किंवा फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस असेल तर त्यासाठी हे टूल नाहीच.

स्कॅन झाला की यादी येते आणि इथे घाई करू नका. 'पीयूपी डॉट ऑप्शनल' (पीयूपी म्हणजे पोटेन्शिअली अनवॉन्टेड प्रोग्राम) असं नाव सुरुवातीला असलेल्या नोंदी म्हणजे तीच घाण, त्या बिनधास्त क्वारंटाइन करा, म्हणजे बाजूला कोंडून ठेवा. पुढच्या पानावर 'प्रीइन्स्टॉल्ड' नावाखाली वेगळी यादी येते, ती लॅपटॉप कंपनीने आधीच घालून दिलेल्या प्रोग्रामांची. त्याच्यावर आपोआप खूण नसते आणि ते बरोबरच आहे. त्यात बॅटरी किंवा कीबोर्डच्या बटणांचं काम करणारं काही असू शकतं, आवाज कमीजास्त करायचं बटणच बंद पडलं तर उगाच नवीन डोकेदुखी. जे नक्की नको माहीत आहे तेवढंच काढा, बाकी राहू द्या. हे दोन गट वेगळे दाखवणं ही या टूलची मोठी चांगली गोष्ट आहे, कारण बाकीचे 'क्लीनर' आकडा मोठा दिसावा म्हणून कुकीपासून तात्पुरत्या फाइलीपर्यंत सगळं एकाच लाल यादीत भरून घाबरवतात. हे घाबरवत नाही आणि सापडलेलं काढायला पैसेही मागत नाही.

क्वारंटाइन दाबलं की ते सांगतं सगळे प्रोग्राम बंद होणार, काम सेव्ह करा. हे गंभीरपणे घ्या. अर्धवट भरलेला फॉर्म, पेमेंट अडकलेलं पान, पेजमेकरमध्ये उघडी पत्रिका, सगळं आधी बंद करा. दुकानात असाल तर दुपारी लाइन ओसरल्यावर किंवा रात्री शटर ओढल्यावर करा. मशीन रिस्टार्ट होतं आणि काय काय काढलं त्याचा रिपोर्ट मिळतो. हा रिपोर्ट सी ड्राइव्हमध्ये ॲडडब्ल्यूक्लीनरच्याच फोल्डरमध्ये राहतो, इंग्रजी एस अक्षराची फाइल स्कॅनची आणि सी अक्षराची साफ केल्याची. तो डिलीट करू नका, दोन आठवड्यांनी तीच कटकट परत आली तर कुठलं नाव पुन्हा पुन्हा येतंय ते त्यात दिसतं. चुकून कामाचं काही उचललं गेलं असेल तर क्वारंटाइनमधून परत आणता येतं. मावसभावाच्या मशीनवर सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि अंगठ्याची सर्व्हिस यांना त्याने हातही लावला नाही, रिस्टार्टनंतर पहिलं तेच तपासलं, आणि तुम्हीही पहिलं तेच तपासा.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे मी सगळ्यांना थांबायला सांगतो, ते म्हणजे सेटिंगमधले 'बेसिक रिपेअर'चे पर्याय. विनसॉक रीसेट, प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या मशीनमार्गे नेणारी सेटिंग) रीसेट, टीसीपी-आयपी रीसेट, होस्ट्स फाइल (नावांसमोर पत्ते लिहिलेली विंडोजची फाइल) रीसेट असे नेटच्या जोडणीचे पर्याय, शिवाय क्रोमच्या पॉलिसी साफ करणे असे बरेच आहेत. घरच्या साध्या लॅपटॉपवर यांनी सहसा काही बिघडत नाही, उलट हायजॅकरने प्रॉक्सी घालून ठेवल्यामुळे नेट चालत नसेल तर तेच औषध. पण ऑफिसमध्ये किंवा दोनचार मशीन असलेल्या दुकानात प्रिंटर शेअर करायला हाताने आयपी टाकलेला असतो, तो टीसीपी-आयपी रीसेटने उडू शकतो, काही ठिकाणी सर्व्हरचं नाव होस्ट्स फाइलमध्ये लिहिलेलं असतं तेही जाईल. म्हणून आधी नेटवर्कच्या सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढा आणि मगच हे पर्याय चालू करा, तेही एकेक करून, गरज असेल तेवढेच.

आता हाताचा भाग, जो मला टूलइतकाच महत्त्वाचा वाटतो. खरं तर टूल चालवायच्या आधीच एक काम करायचं. ॲप्सच्या यादीत जाऊन ती तारखेप्रमाणे लावा. त्रास सुरू झाला त्या दिवशी एकदम तीनचार प्रोग्राम आलेले दिसतील, अगदी एका रांगेत. ते तिथूनच अनइन्स्टॉल करा, अनइन्स्टॉल करताना 'खरंच जाताय का, ही ऑफर घ्या' अशी पानं येतात आणि तिथेही बटणं उलटी लावलेली असतात, वाचून दाबा. मग टूल चालवा.

टूलनंतर क्रोम उघडा आणि एक्स्टेन्शनची यादी बघा. काही उरलं असेल तर काढा. आणि इथे सगळ्यात जास्त लोक फसतात ते सिंकमध्ये. तुमचं जीमेल क्रोममध्ये चालू असेल तर एक्स्टेन्शन आणि सेटिंग गूगलच्या सर्व्हरवर जाऊन बसलेली असतात, तुम्ही मशीन साफ केलं तरी क्रोम परत ती खाली आणतं. फॉरमॅट मारलेल्या कोऱ्या मशीनवरसुद्धा लॉगिन करताच हायजॅकर हजर होतो तो याच्यामुळे, आणि तरीही दुकानातला माणूस म्हणतो 'नेटमधून आला'. म्हणून साफसफाईच्या आधी सिंक बंद करा, सगळं साफ झालं की गूगल खात्यातला क्रोमचा साठवलेला डेटा डिलीट करा, बुकमार्क आधी एक्सपोर्ट करून ठेवा आणि पासवर्ड कुठेतरी सुरक्षित आहेत याची खात्री करा, आणि मगच सिंक चालू करा. एकाच जीमेलवर तीन मशीन असतील तर तिन्ही साफ झाल्याशिवाय चालू करू नका.

मग ते 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'. मोठ्या कंपन्यांना त्यांच्या सगळ्या कॉम्प्युटरवर क्रोमचे नियम लादता यावेत म्हणून गूगलने पॉलिसीची सोय दिलीय, आणि हायजॅकर हीच सोय वापरतो. रजिस्ट्रीत पॉलिसी लिहिली की एक्स्टेन्शन जबरदस्तीने बसतं, काढायचं बटणच मिळत नाही, सर्च इंजिन बदलता येत नाही. ॲड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, कोलन, दोन स्लॅश आणि पॉलिसी असं टाकलं की काय काय लादलंय ते दिसतं. घरच्या मशीनवर तिथे 'एक्स्टेन्शन इन्स्टॉल फोर्सलिस्ट' असं दिसलं तर समजा सापडला. काही अँटिव्हायरसही अशी पॉलिसी टाकतात म्हणून नुसतं ते वाक्य दिसलं म्हणजे हायजॅकर असं नाही, यादी वाचा. ॲडडब्ल्यूक्लीनरमध्ये क्रोम पॉलिसी रीसेटचा पर्याय याच्यासाठीच आहे आणि मावसभावाच्या मशीनवर गाठ तिथेच सुटली, ते केल्यावरच एक्स्टेन्शन निघालं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हे करू नका, तिथे पॉलिसी खरोखर कंपनीच्या आयटीवाल्यांनी टाकलेली असते.

कोपऱ्यातल्या 'व्हायरस सापडला' चौकटी बहुतेक वेळा प्रोग्राम नसतातच. कुठल्यातरी साइटने 'पुढे जायला अलाव दाबा' म्हटलं, दाबलं गेलं, आणि ती साइट आता नोटिफिकेशन पाठवतेय. यात इन्स्टॉल काहीच झालेलं नसतं म्हणून स्कॅन पूर्ण स्वच्छ येतो आणि माणूस चक्रावतो. हे हातानेच काढायचं, क्रोमच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत जाऊन अनोळखी साइट काढा, आणि तिथेच नवीन परवानगी मागायलाच बंदी करा. वयस्कर लोकांच्या कॉम्प्युटरवर मी हे पहिलं करतो. त्या चौकटींवर फोन नंबर असतो, घाबरून फोन लागतो, पलीकडचा गोड बोलून स्क्रीन शेअर करायला लावतो आणि खातं रिकामं होतं. सर्च बदलला यापेक्षा हा धोका कितीतरी मोठा आहे. त्यामुळे 'जाहिरातीच तर येतायत, येऊ दे' असं म्हणणाऱ्यांनी घरातल्या आईवडिलांचा विचार करावा.

शॉर्टकटही एकदा बघा. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टार्गेटची ओळ क्रोम डॉट ईएक्सई वर संपली पाहिजे. त्यापुढे कुठल्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो आयकॉन फेका आणि नवीन बनवा. टूल शॉर्टकट तपासतं, पण टास्कबारवर पिन केलेला आणि डेस्कटॉपवरचा असे दोन्ही डोळ्याने बघितलेले बरे.

दुसरे पर्याय विचाराल तर, क्रोममध्येच पूर्वी साफसफाईचं टूल होतं, २०१५पासून त्याने ८ कोटींच्या वर साफसफाया केल्या असं गूगलने सांगितलं, पण २०२३च्या मार्चमध्ये क्रोम १११पासून ते काढून टाकलं. तरी जुने व्हिडिओ बघून लोक सेटिंगमध्ये ते बटण शोधत बसतात, आता मिळणार नाही. क्रोमचं 'रीसेट सेटिंग' अजून आहे आणि चांगलं आहे, एक्स्टेन्शन बंद होतात, होमपेज-सर्च मूळ होतं, बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात. मात्र पॉलिसी आणि बाहेरचे प्रोग्राम यांना ते पुरं पडत नाही. विंडोज डिफेंडर रोजच्या राखणीला ठीक आहे, फक्त विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शनमधलं 'पोटेन्शिअली अनवॉन्टेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे ना ते बघा, जुन्या मशीनवर ते बंद सापडतं. ॲडडब्ल्यूक्लीनर राखण करत नाही, आत आलेलं काढतं. त्यामुळे दोन्ही पाहिजेत.

डाउनलोड करताना फक्त मालवेअरबाइट्सच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. आणि सर्च आधीच पळवलेला असताना त्याच ब्राउझरमध्ये नाव शोधून वरच्या जाहिरातीवर क्लिक करणं टाळा, दुसऱ्या स्वच्छ मशीनवर डाउनलोड करून पेनड्राइव्हवर आणा. याच नावाची नकली टूलं पूर्वी फिरली आहेत, ती स्कॅनचं नाटक करून साफ करायला पैसे मागायची. खरं ॲडडब्ल्यूक्लीनर साफ करायला पैसे मागतच नाही. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर मालवेअरबाइट्सची आहे का ते बघायला अर्धं मिनिट लागतं.

परत येऊ नये म्हणून दुकानात आम्ही दोन गोष्टी केल्या. नेहमीचे प्रोग्राम नाइनाइट साइटवरून टाकले, तिथे टूलबार आणि सोबतचे पाहुणे आपोआप नाकारले जातात, आणि विंडोज १०-११वर विंगेट कमांडही (टाइप करून प्रोग्राम बसवायची सोय) आहे, जमत असेल तर तीही चांगली. दुसरं म्हणजे पोरांसाठी विंडोजचं वेगळं स्टँडर्ड खातं, ॲडमिनचा पासवर्ड फक्त मावसभावाकडे. बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल करायचे म्हटलं की पासवर्ड मागतं, मग पोरगं विचारतं, मग मावसभाऊ बघतो. क्रोमचं एक्स्टेन्शन मात्र ॲडमिनशिवायही पडतं, त्यामुळे महिन्यातून एकदा ती यादी बघायचं त्याने अंगवळणी पाडलंय. फोटो आणि पीडीएफ बारीक करायला एकच साधा प्रोग्राम ठरवून टाकला आणि त्याचा शॉर्टकट डेस्कटॉपवर मधोमध ठेवला, त्यामुळे गूगलवर जाऊन शोधायची वेळच येत नाही.

काही जण विचारतात की मालवेअरबाइट्सचं पैशाचं व्हर्जन घ्यावं का, कारण टूल त्याची शिफारस करतं. मुख्य प्रोग्रामची १४ दिवसांची ट्रायल मिळते, ती संपली की फुकट व्हर्जन उरतं ज्यात हाताने स्कॅन करता येतो पण सततची राखण नसते. घरच्या एका लॅपटॉपसाठी डिफेंडर नीट चालू असेल तर मी पैसे भरायला सांगणार नाही. मशीन फारच बिघडलेलं असेल तर ट्रायल टाकून एक पूर्ण स्कॅन करा, ट्रायल तशीच संपू द्या. मॅक आणि मोबाइलसाठी ॲडडब्ल्यूक्लीनर नाही, ते विंडोजपुरतंच आहे. मोबाइलवर असल्याच चौकटी येत असतील तर वर सांगितलेली नोटिफिकेशनची यादी तिथल्या क्रोममध्येही आहे, सुरुवात तिथून करा.